उंचीचा हिशेब

मनुष्यास उंचीचा मोह फार. घरावर एक मजला चढला, कीं त्यास आपणच चार हात वाढल्यासारखें वाटतें. मुलाच्या नांवापुढें पदवीचें आणखी एक अक्षर लागलें, कीं शेजाऱ्याशीं बोलतांना त्याचा स्वर आपोआप वरच्या पट्टींत जातो. या मोहापासून वाहनांची सृष्टि तरी अलिप्त कशी राहणार? हल्लीं पुण्याच्या रस्त्यांतून अशा कित्येक जुन्या जीपगाड्या हिंडतांना दिसतात, कीं ज्यांचें अंग मूळच्या जागेपासून वीतभर वर उचललेलें असून खालीं राक्षसी आकाराचे टायर बसविलेले असतात. त्यांपैकीं बहुतेकींचा चिखलाशीं संबंध सोसायटीच्या फाटकाशीं साचलेल्या डबक्यापलीकडे जात नाहीं. अशा गाडीकडे पाहून हंसणें सोपें आहे.

परंतु जीपची उंची वाढविणें हा हौसेचा तसाच निकडीचाहि प्रश्न होऊं शकतो, हें ज्यांचे आप्त सह्याद्रीच्या कुशींत राहतात त्यांस निराळें सांगावयास नको. आमच्या सौभाग्यवतींच्या एक मावशी पानशेतच्या मागल्या बाजूस राहतात. वय वर्षें ब्यायशी. आंबी नदीला बांध घालून जो जलाशय झाला व ज्यास पुढें तानाजीसागर असें नांव मिळालें, त्याच्या पोटांत त्यांच्या सासरचीं भातखाचरें गेलीं. तेव्हां घरच्या माणसांनीं जुन्या घराचे वासे आणि तुळया उतरवून डोंगराच्या सोंडेवर तेंच घर पुन्हां उभें केलें. मावशी त्या वेळीं नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. आज शिरकोली-माणगांवावरून घोळकडे जाणारी सडक त्यांच्या घराखालून जाते. पण सडकेपासून अंगणापर्यंतची अडीच किलोमीटरांची वाट अद्यापि कच्चीच आहे. तिच्यावर दोन ओढे आहेत, एक चढण आहे, आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत जिला वाट म्हणावयाचें ती वस्तुतः पाण्याचीच वाट असते.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत मावशींस ताप भरला. रुग्णवाहिका सडकेवर येऊन उभी राहिली. परंतु चौघां तरुणांनीं डोली करून मावशींस खालीं आणीपर्यंत अर्धा दिवस गेला. त्या बऱ्या झाल्यावर आम्हीं त्यांस पुण्यास येऊन राहण्याचा आग्रह केला. त्या म्हणाल्या, "जांवईबापू, एकदां पाण्यानें उठविलें तेव्हां उठलें. आतां तापानें उठवलें तर उठायची नाहीं." या उत्तरावर तर्कशास्त्राचा कोणताहि प्रयोग चालण्यासारखा नव्हता. मावशी खालीं येत नाहींत, तर गाडीनें वर गेलें पाहिजे, हा एकच सिद्धान्त उरला.

आमच्या घरीं श्वशुरांकडून आलेली एक जीप आहे. १९९० च्या सुमाराची, एम. एम. ५४० जातीची, फ्रान्सांतील पेजो कंपनीच्या धर्तीचें डीझेल इंजिन असलेली. हिचें कुलवृत्त मोठें आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, विलिज कंपनीनें अमेरिकन सैन्यासाठीं जी लहानशी चौफेर ओढणारी गाडी बनविली, ती हिची आजी. १९४५ सालीं मुंबईंत जी संस्था निघाली आणि १९४८ पासून जी महिंद्र आणि महिंद्र या नांवानें ओळखली जाऊं लागली, तिनें तें वाण या देशांत रुजविलें. मामलेदाराच्या फिरतीपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत आणि दुधाच्या कॅनांपासून वडापाच्या उतारूंपर्यंत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांनीं या गाडीच्या पाठीवर काय म्हणून लादलें नाहीं! आजीची दोन लक्षणें नातीच्या अंगीं उतरलीं आहेत: पोलादी पाट्यांवर तोललेले दोन अखंड आंस, आणि ६.००-१६ मापाचे अरुंद टायर.

मावशींच्या वाटेवर ही जीप अडे, ती नेमकी एकाच ठिकाणीं. ट्रॅक्टरांच्या चाकांनीं चढणीवर दोन खोल चर पाडले आहेत. त्यांत चाकें उतरलीं, कीं आंसावर दंतचक्रांचा जो फुगीर गोळा असतो तो मधल्या उंचवट्यास टेकतो, आणि मग चारहि चाकें जागच्या जागीं फिरत राहतात. आम्हांस उंची हवी होती ती या गोळ्याखालीं. खर्चाची मर्यादा होती पन्नास हजार रुपये. प्राध्यापकाच्या घरीं, मुलीचें शिक्षण चालू असतां, याहून अधिक रक्कम जीपवर घालण्याचा ठराव संमत होण्यासारखा नव्हता.

आमच्या चिरंजीवांनीं तात्काळ एक योजना मांडली. पाटे आंसाच्या खालीं असतात ते काढून आंसाच्या वर बसवावे, म्हणजे गाडी एकदम चार-पांच इंच उचलली जाते. आणि मग ३१ इंच व्यासाचे रुंद टायर खुशाल बसवावे. "बाबा, गाडी हत्तीसारखी दिसेल!" असा त्यांनीं समारोप केला. आम्हीं ती योजना घेऊन सिंहगड रस्त्यावरील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि एक वाक्य उच्चारलें, तें आम्ही वर्गांत सांगावें इतकें मार्मिक होतें: "सर, गाडी दिसते बॉडीवर, पण निघते आंसावर. पैसा कशावर घालायचा तें तुम्ही बोला."

या वाक्याचा अर्थ वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा, कारण सगळा विषय त्यांत सांठविलेला आहे. पाटे कितीहि उंच करा, वर जातें तें गाडीचें अंग. आंस व त्यावरील गोळा चाकांनाच जखडलेला असल्यामुळें जागचा हलत नाहीं. त्यास वर उचलण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोठा टायर. आणि तोहि व्यासांत जेवढा वाढेल त्याच्या निम्म्यानेंच आंस वर जाईल, कारण व्यासाचा दुसरा निम्मा भाग आंसाच्या वरच्या बाजूस वाढतो. आमच्या मूळच्या टायरांचा व्यास सुमारें पावणेएकोणतीस इंच. चिरंजीवांचे ३१ इंची टायर बसविले तर गोळ्याखालीं मिळकत सव्वा इंचाहूनहि थोडी कमी! पाटे उचलावयाचे ते केवळ एवढ्यासाठीं, कीं मोठा टायर वळतांना किंवा खड्ड्यांत उचलला जातांना मडगार्डास घांसूं नये. म्हणजे पांच इंचांचा थाट मिरवावयाचा आणि कामास यावयाचा एक इंच.

बरें, तो थाट फुकट मिळतो असेंहि नाहीं. पाटे वर नेले, कीं इंजिनाची शक्ति मागें नेणारा दांडा तिरपा होतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात. ब्रेकची रबरी नळी तोकडी पडते. सुकाणूचे दांडे वांकड्या कोनांत जातात. शॅकल लांब करणें हा त्याहून स्वस्त उपाय. परंतु एक इंच लांबी वाढविली तर गाडी अर्धाच इंच उचलली जाते, आणि पुढच्या आंसाचा कल बदलून सरळ सडकेवर गाडी भटकूं लागण्याचें भय असतें. शिवाय कोणत्याहि उपायानें अंग वर गेलें, कीं गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, पण चाकांमधील रुंदी होती तेवढीच राहते. पानशेतच्या पुढील वाटेवर एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस पाणी असतां, या वाक्याचा अर्थ समजण्यास पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाहीं.

हें सर्व ऐकतांना आमच्या मनांत पानशेतचाच इतिहास घोळत होता. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं तेथील मातीचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें धरणहि खचलें, आणि दुपारपर्यंत पुण्याच्या पेठांतून नदी वाहूं लागली. धरणाचें काम पुरें होण्यापूर्वींच त्या पावसाळ्याचें पाणी त्यामागें चढलें होतें. पायाचीं कामें अपुरीं असतांना वरची पातळी वाढूं दिली म्हणजे काय होतें, हें पुण्याच्या जुन्या मंडळींस सांगावयास नको. कित्येक घरांच्या भिंतींवर त्या पाण्याची रेघ पुढें वर्षानुवर्षें दिसत असे. जीप आणि धरण यांची तुलना कोणास विसंगत वाटेल. पण वर किती चढावयाचें हें तळाशीं काय आहे त्यावरून ठरतें, हा नियम दोहोंस सारखाच लागू आहे.

मिस्त्रींनीं मग त्यांची रीत सांगितली. प्रथम त्यांनीं गाडी सपाट फरशीवर उभी करून चारी कोपऱ्यांची उंची मापली. तीस वर्षांच्या भारानें पाट्यांची कमान बसली होती, आणि डावी बाजू उजवीपेक्षां पाऊण इंच अधिक खचली होती. "नवी उंची मागाहून, आधीं हिची गेलेली उंची हिला परत देऊं," असें ते म्हणाले. पाटे उतरवून, लोहाराकडून त्यांची कमान पुन्हां चढवून, झिजलेले बूश बदलून आणि प्रत्येक जुडग्यांत एकेक पाटा वाढवून गाडी दीड इंच वर आली, आणि त्या दीडांतील मोठा हिस्सा तिचा स्वतःचाच होता.

टायरांच्या बाबतींत त्यांचा सल्ला आणखी साधा होता. छोट्या मालवाहू गाड्यांना ७.००-१६ मापाचा टायर लागतो. तो जुन्याच १६ इंची चाकावर चढतो, म्हणजे नवीं चाकें घ्यावीं लागत नाहींत. व्यास सुमारें साडेतीस इंच. गोळ्याखालीं मिळकत पाऊण इंचाहून थोडी अधिक. चिरंजीवांच्या हत्तीहून हा पाव इंच कमी. पण किंमतहि बरीच कमी. शिवाय तो अरुंद आहे, आणि आमच्या वाटेस तेंच हवें. वाळवंटांत रुंद टायर वाळूवर तरंगतो म्हणून चालतो. मावळांतला चिखल वीतभर खोल आणि त्याखालीं कातळ. तेथें तरंगून उपयोग नाहीं. चिखल कापून खालच्या खडकास पाय टेकला पाहिजे. कच्च्या वाटेला लागतांना टायरांतील थोडी हवा सोडली, कीं पकड वाढते, आणि या उपायास कांहीं खर्च पडत नाहीं. सडकेवर येतांच ती पुन्हां भरण्याचा कंटाळा मात्र करूं नये.

मोठ्या टायरामुळें वेगाचा काटा ५० दाखवितो तेव्हां गाडी सुमारें ५३ नें धांवत असते, हें चालविणाऱ्यानें लक्षांत ठेवावें लागतें. आणि चढणीवर इंजिनास किंचित अधिक जोर पडतो. कायद्याचीहि एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करूं देत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तेंच अधिक कडकपणें सांगितलें. पंधरा वर्षें उलटलेली गाडी दर पांच वर्षांनीं तपासणीस न्यावीच लागते. म्हणून आम्हीं परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस आधीं लेखी विचारणा केली, आणि उत्तरें हातीं आल्यावरच मिस्त्रींना होकार दिला. त्यांत दोन महिने गेले; पण ते पावसाळ्यापूर्वींचे होते.

शेवटीं राहिली ती एक कसोटी, आणि ती सौभाग्यवतींनीं सुचविली. आम्ही तिघे पुरुष गाडीच्या पोटाखालीं इंच मोजीत असतां त्यांनीं विचारलें, "पण मावशी हिच्यांत चढणार कशा?" मिस्त्रींनीं कपाळावरचा घाम पुसला आणि चिरंजीवांकडे पाहिलें. ज्या म्हातारीसाठीं हा सारा खटाटोप, तिचे गुडघे पांच इंच अधिक उंच पायरी चढण्यास तयार आहेत कीं नाहींत, याचा विचार हत्तीच्या योजनेंत कोठेंच नव्हता. तेव्हां अंगाची उंची दीड इंचावर कायम करण्यांत आली. एका चाकाखालीं लांकडी फळ्या रचून, सुकाणू दोन्हींकडे पूर्ण वळवून, टायर व मडगार्ड यांमध्यें मिस्त्रींचीं दोन बोटें मोकळीं जातात हें पाहिल्यावर काम संपलें. एकूण खर्च अठ्ठेचाळीस हजार.

यंदा आषाढांत, मुसळधार पाऊस चालू असतां, जीप दोन्ही ओढे ओलांडून चढणीवर आली. त्याच चरांत चाकें उतरलीं. खालून मातीला घांसल्याचा एक पुसट आवाज आला, आणि गाडी पुढें निघाली. चिरंजीव चालवीत होते. त्यांनीं हत्तीचा उल्लेख केला नाहीं. अंगणांत मावशींनीं गाडीभोंवतीं एक फेरी मारली, पायरीस हात लावून पाहिला आणि आंतून जेवणाचा जुना शिसवी पाट मागविला. तो जमिनीवर ठेवून, त्यावर एक पाय देऊन, कोणाचाहि हात न धरतां त्या गाडींत बसल्या. पुण्यास डोळे तपासून चार दिवसांनीं परत पोंचविण्याच्या अटीवर त्या निघाल्या आहेत, असें त्यांनीं आम्हांस बजाविलें. तेव्हांपासून तो पाट जीपमध्येंच असतो.