तुडतुड्याचं नाव ठरवताना

भातशेती असलेल्या घरात ‘तुडतुडा’ म्हटलं की पुढचा शब्द ‘फवारणी’ हाच असतो. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी जमून रस शोषू लागले की खाचरात गोल गोल जागा वाळत जातात, आणि डोळ्यांदेखत पीक हातचं जातं. त्यामुळे ही भीती खरी आहे. पण तपकिरी तुडतुडा ज्या ‘डेल्फॅसिडी’ कुळातला, त्या एका कुळातच दोन हजारांहून अधिक जाती आहेत. सगळ्या काही भातावर जगत नाहीत. काही पाणवनस्पतींवर जगतात, आणि त्यांतली एक तर माणसाने मुद्दाम दुसऱ्या देशात नेऊन सोडली आहे.

तिचं नाव मेगामेलस स्कुटेलारिस. दक्षिण अमेरिकेतला हा तीन-चार मिलिमीटरचा कीटक जलपर्णीवर वाढतो. मादी पानाच्या फुगीर देठात अंडी घालते. पिल्लं पाच वेळा कात टाकून मोठी होतात आणि सगळी तिथलाच रस शोषतात. 1883 मध्ये बर्ग यांनी या जातीचं वर्णन केलं. जलपर्णीही मूळची तिकडचीच. ती जगभर पसरली, पण तिला खाणारे कीटक मागेच राहिले. म्हणून, दुसऱ्या वनस्पतींवर चाचण्या घेतल्यानंतर, 2010 मध्ये फ्लोरिडात हा तुडतुडा सोडला गेला.

ओळखीचा प्रश्न इथे अडतो. उत्तर अमेरिकेत याच प्रजातीतला मेगामेलस डेव्हिसी आधीपासून कमळवर्गीय वनस्पतींवर राहतो. दोघे दिसायला जवळचे, दोघांचं घर पाण्यावर. सोडलेला कीटक टिकला का, कुठवर पसरला, हे सांगायचं तर आधी समोरचा नक्की कोण ते ठरवावं लागतं.

मागच्या पावसाळ्यात भाच्याने गावच्या तळ्यातल्या जलपर्णीवरच्या एका किड्याचा फोटो पाठवला. “मामू, हा भातावर जाईल काय? तळ्यात औषध मारूया म्हणतायत सगळे.” तळ्याला लागून खाचरं, तळ्यात मासे, काठावर गुरं पाणी पितात. मी त्याला सांगितलं, फोटोवरून जात सांगता येणार नाही, पण तीन गोष्टी बघ.

पहिली, मागचा पाय. नळीच्या टोकाला एक मोठा, हलणारा काटा असेल तर हा डेल्फॅसिडी कुळातला. मेगामेलसमध्ये तो रुंद, पानासारखा असतो आणि कडेला बारीक दात असतात. हिरव्या तुडतुड्यांच्या कुळात असा काटा नसतो. त्यांच्या मागच्या पायावर बारीक काट्यांच्या रांगा असतात. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग यासाठी पुरतं.

दुसरी, पंख. पण त्यावर भरवसा ठेवायचा नाही. एकाच जातीत आखूड पंखांचे आणि लांब पंखांचे असे दोन्ही प्रौढ असतात. गर्दी वाढली, अन्न संपत आलं की लांब पंखांचे वाढतात आणि उडून जातात. दोन रूपं दिसली म्हणून दोन जाती होत नाहीत.

तिसरी, पिल्लं. पानावर बसलेला आणि पानावर राहणारा यांत फरक असतो. दिव्याच्या ओढीने किंवा वाऱ्याने आलेला तुडतुडा कुठेही टेकतो. वेगवेगळ्या वयाची पिल्लं त्याच झाडावर सापडली, तर तिथे त्याचा संसार आहे असं म्हणता येतं.

भाच्याने तासभर पानं उलटीपालटी केली. प्रौढ एकच होता, पिल्लू एकही नाही. मग तो खाचरात उतरला आणि चुडांचे बुंधे फाकवून पाहिले. जे बघायचं ते तिथेच बघायचं होतं. तळ्यात औषध ओतण्याचं कारणच उरलं नाही. तसंही भातात नको तेव्हा फवारणी केली की तुडतुडे खाणारे कोळी आणि मिरिड ढेकूण आधी मरतात, आणि तुडतुडे पुन्हा जोराने वाढतात.

जातीचं पक्कं नाव मात्र भिंगाने ठरत नाही. त्यासाठी नर लागतो. त्याच्या पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून मऊ भाग विरघळवतात आणि आतल्या जननेंद्रियांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मादी किंवा पिल्लू हाती असेल तर बरेचदा कुळ किंवा प्रजातीवरच थांबावं लागतं. डीएनए मदत करतो, पण ताडून पाहायला त्या जातीचा खात्रीचा नमुना आधी नोंदलेला हवा. म्हणून फोटो काढून झाल्यावर चार-पाच किडे अल्कोहोलमध्ये ठेवावेत. सोबत तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव पेन्सिलीने लिहावं. शाई अल्कोहोलमध्ये विरघळू शकते.

आपल्याकडेही 1980 च्या दशकात जलपर्णी खाणारे निओचेटिना भुंगेरे आणून सोडले गेले. म्हणजे आपल्या नद्या-तळ्यांत या वनस्पतीवर बसलेला किडा शत्रूच असेल असं नाही; कदाचित तो आपलंच काम करत असेल. जलपर्णीवर तुडतुडा दिसला म्हणून तो स्कुटेलारिसच, असंही समजू नये. कुळापर्यंत ओळख पटली असेल तर तेवढंच लिहावं. अर्धवट पण खरी नोंद पुढच्याला उपयोगी पडते. चुकीचं नाव लागलं की मात्र त्यामागोमाग औषधाचा पंप येतो, आणि त्याचा हिशेब तळ्यातल्या माशांना द्यावा लागतो.