अक्कांचा लॅपटॉप आणि न दिसणारी डिस्क



विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि घराघरांतले जुने लॅपटॉप दुकानांत जायला लागले. आमच्या अक्कांचाही गेला. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. दुसऱ्या दिवशी दुकानातून निरोप आला, "विंडोज ११ बसत नाही. डिस्कच दिसत नाहीये. गेली असणार, नवी टाकावी लागेल."

त्या डिस्कवर सासूबाईंचा आवाज होता. शेवटच्या दोन चातुर्मासांत पहाटे सामायिक झाल्यावर त्या आलोचना पाठ आणि बारा भावना म्हणायच्या. ते अक्कांनी फोनवर रेकॉर्ड करून लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवलं होतं. तो फोन कधीच गेला. अक्का रडल्या वगैरे नाहीत. "पुद्गलाचं काय घेऊन बसायचं गं," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी सूर्यास्ताआधीच्या जेवणाला बसल्या त्या अर्ध्या भाकरीवरच उठल्या.

मला एकच गोष्ट खटकत होती. दुकानात नेईपर्यंत लॅपटॉप चालू होता. मग डिस्क नेमकी त्याच दिवशी कशी जाईल? लॅपटॉप परत आणला आणि बायोस उघडून पाहिलं. डिस्कचं नाव तिथं व्यवस्थित होतं. म्हणजे मशीनला ती दिसत होती, विंडोज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला दिसत नव्हती.

याचं कारण समजून घ्या, तुमच्याकडेही हेच होऊ शकतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी थेट समोर नसते. ती व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते. त्या कंट्रोलरशी बोलायचं तर त्याचा ड्रायव्हर लागतो, आणि तो इन्स्टॉलरकडे नसेल तर यादी कोरी येते. गोम्मटसार कर्मकांडात आठ कर्मांचे दृष्टांत आहेत, पाठशाळेत सगळ्यांनी पाठ केलेले. दर्शनावरणाला द्वारपाल म्हटलंय. राजा आत बसलेलाच असतो, द्वारपाल भेटू देत नाही. मला तेच आठवलं. (उपमा फार ताणू नये. आपलं दर्शनावरण पेनड्राइव्हनं हटत नाही.)

ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या, आपला मॉडेल नंबर टाकून. त्याचं नाव इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी. याच्या वेगवेगळ्या पिढ्यांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, म्हणून कुठलाही सर्वात नवा उचलून चालत नाही. बऱ्याचदा डाउनलोड एकाच एक्झी फाइलमध्ये येतं. ते तसंच पेनड्राइव्हवर टाकलं तर उपयोग नाही, ते उलगडून आतलं आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर टाकावं लागतं. मग कोऱ्या यादीच्या पडद्यावर "लोड ड्रायव्हर" दाबायचं आणि ते फोल्डर दाखवायचं. यूएसबी माऊस जवळ ठेवा, कारण टचपॅडलाही स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि तो अशा वेळी हमखास मुका बसतो.

यादीत व्हीएमडी कंट्रोलरचं नाव आलं, नेक्स्ट दाबलं, आणि डिस्क सगळ्या पार्टिशनसकट समोर!

इथे घाई करू नका. डिलीट आणि फॉरमॅट ही बटणं त्याच पडद्यावर असतात आणि ती "आधी गाळून घे" म्हणून थांबवत नाहीत. मी शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली, तिथं नोटपॅड टाइप केलं. नोटपॅडच्या ओपनमध्ये गेलं आणि खाली "सगळ्या फाइल्स" निवडलं की ड्राइव्ह दिसतात, आणि तिथूनच फोल्डर कॉपी करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतं. अक्कांच्या डिस्कवर बिटलॉकर नव्हता. तुमच्याकडे असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, तिच्याशिवाय पुढं जाता येत नाही.

पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावून तपासला. एकूण एकोणीस फाइल्स. पहिलीत आधी कुकरची शिट्टी आहे, मग सासूबाईंचं खाकरणं, मग पाठ. अक्का शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाजव अजून एकदा. शिट्टीपासून."

त्यानंतरच विंडोज ११ बसवलं, फक्त जुन्या सी पार्टिशनवर. पुढं विशेष काही नाही. आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग वायफाय, टचपॅड, आवाज. हे सगळे आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण वायफायचा ड्रायव्हर नसेल तर तो आणायला इंटरनेटच नसतं. डिव्हाइस मॅनेजरमधली पिवळी चिन्हं एकेक करून गेली.

आता त्या एकोणीस फाइल्स तीन घरांत आहेत. दुकानदाराला अक्कांनी फोन करून सांगितलं, डिस्क चांगली आहे, पुढच्या गिऱ्हाइकाचा आधी ड्रायव्हर बघा.