खलनायकाची नेमणूक

बॅटमनची कथा पडद्यावर आणावयाची ठरली, की निर्मात्याच्या दप्तरी सर्वप्रथम जोकरच्याच नावाची शिफारस दाखल व्हावी, यात नवल नाही. १९४० साली ज्याला पदार्पणाच्याच अंकात ठार करण्याचा मनसुबा संपादकाने ऐनवेळी रद्द करविला, तो हा हसरा नराधम आज नायकाइतकाच लोकप्रिय आहे. परंतु कीर्ती ही खलनायकाच्या नेमणुकीला पुरेशी सनद आहे, असे मला वाटत नाही.

ख्रिस्तोफर नोलन यांनी २००५ च्या ‘बॅटमन बिगिन्स’मध्ये जोकरला उंबरठ्याबाहेर थोपवून, कॉमिक्सच्या वाचकांपलीकडे ज्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते अशा रास अल गूलची योजना केली, यातला विवेक मला विलोभनीय वाटतो. त्या चित्रपटाचा विषय बॅटमनचा पराक्रम नसून त्याची घडण हा होता. आणि ज्याने शस्त्र धरावयास व भयावर स्वार व्हावयास शिकविले, त्याच गुरूने न्यायाच्या नावाखाली अवघे गॉथम विनाशाच्या खाईत लोटावयास निघावे, हे वैर कोणा उपऱ्या माथेफिरूला पेलणारे नव्हते. समोर भीष्म-द्रोण नसते, केवळ दुःशासन असता, तर अर्जुनाच्या हातून गांडीव गळण्याचे कारणच उरले नसते. भयाची वाफ करून ती शत्रूला हुंगविणारा स्केअरक्रो दुय्यम खरा, पण तोही त्याच सूत्रात ओवलेला. पुढे, हत्या न करण्याचा नायकाचा नेम प्रेक्षकांच्या मनात रुजल्यावर, २००८ मध्ये जोकर आला. मोडावयास नेमच नसता, तर त्याने मोडले असते तरी काय? (टिम बर्टन यांनी १९८९ मध्ये जोकरलाच नायकाच्या आईबापांचा मारेकरी ठरविले; ती तजवीज मला जरा जास्तच सोयीची वाटते.)

याउलट २००७ चा तिसरा ‘स्पायडर-मॅन’ पाहावा. दिग्दर्शक सॅम रायमी यांचा ओढा सँडमनकडे, व्हेनम आला तो निर्मात्याच्या आग्रहास्तव, आणि जुन्या मित्राचे वैर तर आधीपासूनच थकलेले. एकाच कचेरीत तीन फिर्यादी एकदम उभे राहिले, की कोणाचीच कैफियत पुरती ऐकली जात नाही.

बेनची कथा याहून करुण. १९९३ च्या कॉमिक्समध्ये बॅटमनचा कणा मोडणारा हा धूर्त योद्धा १९९७ च्या ‘बॅटमन अँड रॉबिन’मध्ये पॉयझन आयव्हीचा गुरगुरणारा हुजऱ्या होऊन राहिला. त्याची बुद्धी त्याला परत मिळावयास २०१२ साल उजाडावे लागले. आणि नोलन यांनी ती दिली, तेव्हा बॅटमनचा कणाही त्याच्याच हवाली केला.