बंद दाराआडची पंगत

आमच्या अंबडला ‘लॉज’ म्हटलं की डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ची पाटी, खाली पेढीवर बसलेला मालक आणि मत्स्योदरी देवीच्या नवरात्रात भरून गेलेल्या खोल्या. त्यामुळे परवा मुंबईहून नातवाने फोनवर विचारलं, "आजोबा, इथे फोर्टात फ्रीमेसन लोकांचा लॉज आहे. आत नेमकं काय चालतं हो?" तेव्हा शेजारी शेंगा सोलत बसलेल्या आमच्या सौ. म्हणाल्या, "नोकरीला लागून वर्ष झालं, आता खोली घे म्हणावं. लॉजवर किती दिवस राहणार!"

हसून झालं, पण प्रश्न डोक्यात राहिला. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

मेसन म्हणजे गवंडी. युरोपात मोठमोठी चर्चेस बांधणाऱ्या गवंड्यांच्या मंडळ्या असत. कामाच्या जागेजवळ त्यांची एक खोपी असे, तिला लॉज म्हणत. पुढे या मंडळ्यांत हातात थापी न धरलेले सरदार, वकील, डॉक्टर असे लोकही यायला लागले. १७१७ साली लंडनमध्ये चार लॉज एकत्र आले, तिथून आजच्या संघटनेची सुरुवात मानतात. बांधकाम सुटलं, पण हत्यारं राहिली. गुण्या आणि कंपास ही त्यांची खूण. गुण्या सांगतो वागणं काटकोनात ठेव, ओळंबा सांगतो सरळ उभा राहा, आणि लेव्हलची पट्टी (जुने गवंडी तिला पाणसळ म्हणायचे) सांगते की इथे सगळे एका पातळीवर. नवा माणूस म्हणजे अनघड दगड. शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या चढत त्याने स्वतःला घडवायचं. डोळे बांधून त्याला आत आणतात, आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून तो शपथ घेतो, आणि आतल्या खाणाखुणा बाहेर सांगत नाही. लॉजमध्ये धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायचा नाही, हा पक्का नियम.

आता दार बंद, आत काय चालतं ते कोणी सांगत नाही म्हटल्यावर बाहेरच्यांनी काय समजायचं? आपल्याकडे लोकांनी या इमारतींना ‘जादूघर’ आणि ‘भूतबंगला’ अशी नावं ठेवली. आत भुतं नाचवतात, कवट्या पुजतात, काय वाटेल ते!

भारतात १७३० साली कलकत्त्यात पहिला लॉज निघाला. मुंबईला १७५८ मध्ये. सभासद अर्थातच गोरे. ‘सगळे एका पातळीवर’ हे तत्त्व भिंतीवर होतं, पण दारातून आत जायला रंग आडवा येत होता. माणेकजी करसेटजी (१८०८–१८८७) हे पारशी समाजसुधारक. पुढे मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी मोठं काम केलं. त्यांनी मुंबईत मेसन होण्यासाठी अर्ज केला तर नकार मिळाला. गडी हटला नाही. युरोपात गेला आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये दीक्षा घेऊन परत आला! आता करा काय करायचं ते. घरच्या गवंड्याने नाही म्हटलं म्हणून परगावच्या गवंड्याकडून घर बांधून घेण्यातला हा प्रकार.

अशा वेळी डॉ. जेम्स बर्न्स हा स्कॉटिश डॉक्टर पुढे झाला. त्याचा भाऊ अलेक्झांडर बर्न्स १८४१ साली काबूलमध्ये मारला गेला, तोच तो इतिहासाच्या पुस्तकातला. या डॉक्टरांनी १८४३ च्या डिसेंबरात मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाचा लॉज काढला, तोच मुळी हिंदुस्थानी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून. पारशी झेंद अवेस्तावर, मुसलमान कुराणावर हात ठेवून शपथ घेऊ लागले. हिंदूंच्या बाबतीत गोऱ्यांना आणखी एक शंका होती. मेसन व्हायला एका परमेश्वरावर श्रद्धा लागते, आणि यांचे देव तर तेहतीस कोटी! त्यावर कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त हे गृहस्थ १८६३ पासून नऊ वर्षं भांडले आणि १८७२ मध्ये आत गेले. त्याच लॉजमध्ये १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त या तरुणाने दीक्षा घेतली. हा तरुण म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद.

आमचा अंबड तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून हैदराबादचंही सांगतो. तिथल्या मेसन लोकांना निजामाच्या सरकारने गोशामहल बारादरी दिली, १८७२ पासून तिथे त्यांचं कामकाज चालतं. ही बारादरी बांधली गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याने. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला आणि तानाशाहला कैद करून आणलं ते कुठे, तर आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर. तिथेच तो वारला आणि खुलताबादला त्याला पुरलं. मुलांची सहल घेऊन मी कितीदा तरी तो किल्ला चढलो असेन. त्या सुलतानाच्या बारादरीत पुढे साहेब आणि नवाब शेजारी शेजारी बसू लागले.

१९६१ साली भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज दिल्लीत स्थापन झाली. मुंबई-पुण्यात आजही लॉज चालतात, दानधर्म करतात. भुतंबितं काही नाहीत.

हा झाला प्रश्नाच्या उत्तराचा सोपा भाग. मला खरं सांगायचंय ते यापुढचं.

मी पस्तीसेक वर्षं मराठी शिकवलं. व्याकरण शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तरावर दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ऋण आहे. १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. हेही आपल्यासारखेच शाळामास्तर. सुरतेला शिकवत असताना १८४४ मध्ये त्यांनी दुर्गाराम मेहताजी वगैरे सहकाऱ्यांबरोबर मानवधर्मसभा काढली, आणि मुंबईला परत आल्यावर १८४९ मध्ये परमहंस सभा. अध्यक्ष रामबाळकृष्ण जयकर. देव एकच, मनुष्यमात्राची जात एक, खरा धर्म म्हणजे प्रेम आणि नीती, प्रत्येकाला विचाराचं स्वातंत्र्य, ज्ञान सर्वांना, अशी त्यांची तत्त्वं.

आणि ही सभा गुप्त होती! बैठक दार लावून. सुरुवातीला आणि शेवटी दादोबांच्या मराठी प्रार्थना. नव्या सभासदाने जातिभेद मानणार नाही असं वचन द्यायचं, आणि त्याचा पुरावा म्हणून ख्रिस्त्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. एवढंच. आज बेकरीतून पाव आणताना आपण क्षणभर थांबतो का? पण त्या काळी त्या तुकड्यासाठी लागणारी छाती फार मोठी होती. ‘रायझिंग स्टार’ला सहा वर्षं होतात न होतात तोच त्याच मुंबईत ही आपली मराठी मंडळी निराळ्या बंद दाराआड एका पातळीवर बसायला शिकत होती.

पुण्यात, अहमदनगरला तिच्या शाखा निघाल्या. आणि १८६० मध्ये घात झाला. सभेची कागदपत्रं चोरीला गेली, सभासदांची नावं फुटली. कोण पाव खातो ते गावभर झालं, आणि मंडळी पांगली. सभा संपली.

नेमकं त्याच १८४९ साली पुण्यात काय झालं बघा. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आदल्या वर्षी मुलींची शाळा काढली होती, तीही भर पेठेत. त्यापायी १८४९ मध्ये दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं. तिकडे बंद खोलीत पावाचा तुकडा, इकडे उघड्या रस्त्यावर नवरा-बायको. पुढे १८६८ मध्ये जोतिरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. यांची यादी कोण चोरणार? ती चोरण्यासारखी नव्हतीच, सगळ्यांना पाठच होती.

पण म्हणून दादोबांना भित्रे म्हणायला माझी जीभ धजत नाही. बहिष्कार म्हणजे न्हावी बंद, भटजी बंद, मुलीचं लग्न बंद, मर्तिकाला खांदा बंद. परमहंस सभा फुटल्यावर तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतलेल्यांची नावं वर्तमानपत्रात आली, तर रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताचा विषय चुकला नाही. मग साध्या मास्तर-कारकुनाची काय कथा? शिवाय त्या खोलीतून काही बाहेर आलंच. परमहंस सभेतले तुकाराम तात्या पडवळ यांचं ‘जातिभेद विवेकसार’ १८६१ मध्ये आलं. दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी १८६७ मध्ये प्रार्थना समाज सुरू झाला, आणि तो उघड. म्हणजे बंद खोलीत सवय झाली, मग दार उघडलं. दारातून बाहेर कधी पडायचं, एवढाच प्रश्न असतो. लॉजमध्ये रात्री साहेब आणि शेटजी भाऊ-भाऊ असत, सकाळी कचेरीत साहेब पुन्हा साहेब. असं शंभर वर्षं चालू शकतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

१९६९-७० ची गोष्ट. बी.ए. करायला आम्ही चौघे अंबड भागातले मुलगे औरंगाबादला एका खोलीत राहायचो. एक ब्राह्मणाचा, दोघे मराठ्यांचे आणि एक बौद्ध. स्टोव्ह एक, पातेलं एक. भाकरी कमी पडली तर चौघांत वाटून. कोणाच्या मनात काही यायचं नाही. पण सुट्टीत एस.टी.तून अंबडला उतरलो की न बोलता सगळे आपापल्या आळीला वळायचे. कोणी कोणाला ‘घरी चल’ म्हणायचं नाही. माझा तो बौद्ध मित्र एकदा सहज म्हणाला, "खोलीवर आपण एका घरचे, अन् गावात आलो की चार गावचे." रागाने नाही म्हणाला. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला.

मी ते वाक्य आईला सांगितलं. आई चौथी शिकलेली, सोवळं-ओवळं पाळणारी. ती काही बोलली नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र म्हणाली, "त्या तुझ्या मित्राला उद्या जेवायला बोलाव." तो आला. मी ओसरीवरून आत येताना सवयीने दार लोटायला लागलो, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दार राहू दे रे उघडं. दिवसा कोणी दार लावून जेवतं का?" पाट मांडले, पुरणाची पोळी वाढली. समोरच्या वाड्यातून सगळं दिसत होतं, आणि ते दिसावं हेच तिच्या मनात होतं.

त्याची किंमत तिने भरली. त्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला दोनच बायका आल्या. आईने वाणासाठी आणलेल्या वाट्या फळीवर तशाच पडून होत्या. पुढच्या वर्षी पाच-सहा आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी बहुतेक सगळ्या. तिने कोणाला जाब विचारला नाही की मित्राला बोलवायचं थांबवलं नाही.

पुढे २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं गेली. एका पातेल्यात जेवलेली, चहाच्या टेबलावर समतेचं बोलणारी कितीतरी शिकलेली माणसं त्या दिवसांत घराबाहेर दिसली नाहीत. आईने पदर खोचला आणि मला बरोबर घेऊन भरदुपारी माझ्या मित्राच्या घरी गेली. त्याच्या आईजवळ जमिनीवर बसली. दोघी फारसं बोलल्या नाहीत. चहा झाला. येताना वाटेत लोक बघत होते, तर ही बाई रोजच्यापेक्षा हळू चालत होती! विद्यापीठाचं नाव बदलायला १९९४ उजाडावं लागलं. तोवर आई राहिली नव्हती.

आई गवंड्यांच्या कुठल्या मंडळाची सभासद नव्हती. ओळंबा कशाला म्हणतात ते तिला ठाऊक असेल, घराची भिंत बांधताना पाहिलेला. तिच्या वागण्याला शपथ नव्हती, खूण नव्हती, यादी नव्हती. एक उघडं दार होतं, बस्स.

आता हॉटेलात शेजारी कोण बसलंय हे कोणी विचारत नाही, पाव तर रोजचाच. पण शहरात भाड्याने खोली बघायला गेलात की घरमालक नाव ऐकून थांबत नाही, "आडनाव काय?" म्हणतो. आणि लग्नाचं निघालं की खोलीवर एका ताटात जेवलेले मित्रही आपापल्या आळीला वळतात. दारं अजून आहेत, फक्त आता ती सागवानी राहिली नाहीत, एवढंच.

तुमच्याही घरात कोणी आजी, काका, आत्या असेल, जिने किंवा ज्याने असं एखादं दार दिवसाढवळ्या उघडं ठेवलं. त्यांच्याबद्दल मुला-नातवंडांना सांगा, आणि नावानिशी सांगा. १८६० मध्ये नावं फुटली म्हणून माणसं पांगली. आपल्याला ती भीती उरलेली नाही.