बारा मीटर मागे

शनिवारी रात्री साडेनऊला झोपणारं जोडपं पाहिलंय का तुम्ही? नसेल तर आमच्या घरी या. म्हणजे साडेनऊच्या आत या. दोघंही आयटीत, दोघंही तिशीच्या अलीकडे, लग्नाला तीन वर्षं झालेली... आणि शनिवारी रात्री आमच्याकडे जे काय थरारक घडतं ते म्हणजे सायकलच्या टायरमधली हवा तपासणे! कारण रविवारी पहाटे पावणेपाचला मुळशीच्या रस्त्याला लागायचं असतं. डंपर सुरू व्हायच्या आत पौडच्या पुढे गेलं पाहिजे, नाहीतर तोंडात धूळ, पावसाळ्यात चिखल.

तर मंडळी, आम्ही दोघं गोव्याची हाफ आयर्नमॅन करतोय. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल, आणि मग २१.१ किलोमीटर पळायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. २०१९ साली मिरामारला ही पहिल्यांदा झाली. अख्खी आयर्नमॅन म्हणजे याच्या दुप्पट. मिलिंद सोमणनं २०१५ साली झुरिकला केली तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता, आणि तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक ऑफिसात एक तरी 'ट्रायॲथलीट' सापडतो. आमच्या घरात दोन आहेत, म्हणजे सायकली दोन, हेल्मेट दोन, आणि रोज घामट कपड्यांच्या चार जोड्या. वॉशिंग मशीनला बोलता आलं असतं तर तिनं केव्हाच राजीनामा दिला असता.

आता खरी गोष्ट. बायको माझ्यापेक्षा वेगवान आहे. तिन्ही प्रकारांत! ती सांगलीची, लहानपणापासून कृष्णेत पोहलेली. मी वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आठ वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये, काठाला धरून पाय मारायला शिकलो. (ती पोरं आता माझ्या पुढे निघून गेलीत, असो.) ऑफिसात हे सांगितलं की लोकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. "म्हणजे वहिनी पुढे आणि तू मागे?" हो बाबा. पुढे म्हणजे आमच्या एक्सेल शीटप्रमाणे एक तास एक मिनिट पुढे. तिचा अंदाज ६ तास ४४ मिनिटं, माझा ७ तास ४५.

जोडीनं तयारी म्हटलं की इन्स्टाग्रामवर हातात हात घालून सूर्योदयात पळणारे फोटो दिसतात. ते बहुतेक फोटोपुरतेच पळत असावेत असं माझं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे. लांब पल्ल्याची बरीचशी तयारी सावकाश, गप्पा मारता येतील अशा वेगानं करायची असते. त्यानंच दम वाढतो, शरीर चरबी जाळायला शिकतं. पण 'सावकाश' हा काही सगळ्यांचा एकच आकडा नाही ना! तिचं सावकाश म्हणजे किलोमीटरला पावणेसात मिनिटं. त्याच वेगात माझे ठोके मिनिटाला १६८. म्हणजे ती गप्पा मारतेय आणि मी फक्त "हं... हं..." करतोय. तिला वाटायचं मी रुसलोय. मला बोलायला श्वासच नव्हता!

मग आम्ही आठवड्याची वाटणी केली. सोमवार ते शुक्रवार ज्याचं त्यानं. ती सकाळी पोहते, मी रात्रीचा क्लायंट कॉल संपवून सोसायटीच्या जिममध्ये. कुकर कोण लावणार हे ज्याचं पळणं त्या दिवशी कमी असेल त्यावर. एकत्र फक्त रविवार, लांब सायकल आणि तिला जोडून लगेच अर्धा तास पळणं. याला 'ब्रिक' म्हणतात. तीन तास सायकलवर गोल फिरलेले पाय एकदम जमिनीवर पळायला लागले की पहिला किलोमीटरभर ते आपले नसतातच. कोणाचे तरी उधार आणल्यासारखे वाटतात.

खाण्याचं तर स्वतंत्र शास्त्र आहे. शरीरात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास, आणि शर्यतीत लागणार त्याहून कितीतरी जास्त. म्हणून सायकलवर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात घालायची. एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम. गणित करा. जेलच्या पाकिटांच्या किमती बघून आम्ही खजूर आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर आलो. घामातून मीठ जातं, तेव्हा नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही. तिच्या बाटलीत लिंबू-मीठ-साखर, माझ्यात कोकम. सहा महिने वेगवेगळी मिश्रणं पोटावर करून पाहिल्यावर ही यादी फायनल झालीय. त्यातल्या काही प्रयोगांचं वर्णन इथे नको.

पण एक नियम वाचला आणि आमच्या घरात दोन दिवस शांतता पसरली. सायकलच्या टप्प्यात दोन स्पर्धकांत १२ मीटर अंतर ठेवायचं. मागे राहून वारा चुकवायला बंदी, शेजारी-शेजारी चालवायलाही बंदी. नवरा-बायको असलात तरी. मोडलं तर दंड. पोहताना कोणाच्या पायामागे राहिलात तर चालतं, पळताना बरोबर पळालात तरी चालतं, पण मधले ९० किलोमीटर एकट्यानंच.

बारा मीटर म्हणजे किती ते कळावं म्हणून आम्ही पार्किंगमध्ये टेप लावून मोजलं. तीन गाड्या उभ्या राहतील एवढं. वॉचमनकाकांना वाटलं पार्किंगचं भांडण सुरू होतंय, ते लगबगीनं आले. तिकडच्या टोकाला ती, इकडे मी. "इथून मी हाक मारली तर ऐकू येईल?" ती म्हणाली. येईल की, पार्किंगमध्ये. वाऱ्यात नाही.

शांततेचं कारण वेगळं होतं. तिच्या मनात होतं की पळण्याच्या टप्प्यात माझ्यासाठी थांबायचं आणि शेवटची रेषा दोघांनी मिळून ओलांडायची. एक तास थांबायचं! दीड वर्ष पहाटे चारला उठून तिनं सात तासांच्या आत येण्याची तयारी केली, ती माझ्या वाट्याला देऊन टाकायची. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "तुला समुद्राची भीती वाटते, तू बाहेर आलास की नाही हे मला कळणार कसं? तेवढा वेळ मी पायडल मारत काय विचार करू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भीती खरी आहे. फेब्रुवारीत ग्रुपबरोबर मिरामारला सरावाला गेलो होतो. तलावात तळाशी काळी रेघ असते, तिच्यावरून जायचं. पंचवीस मीटरच्या ७६ फेऱ्या मी डोळे मिटून मारतो. मिरामारला मांडवी येऊन मिळते, पाणी गढूळ, स्वतःचा हातही दिसत नाही. दोनशे मीटरवर छाती आवळली. मी उताणा झालो आणि आकाश बघत पडून राहिलो. ती वळून आली. काही बोलली नाही, शेजारी उताणी पडून राहिली. दोनेक मिनिटांनी निघालो, मी तिच्या पायांच्या बुडबुड्यांमागे. त्या दिवशी दीड किलोमीटर झालं.

गंमत म्हणजे हा सगळा खेळच एका नवरा-बायकोच्या डोक्यातून निघालेला. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स, तो अमेरिकन नौदलात. हवाईत १९७८ साली पहिली शर्यत झाली. निघाले १५ जण, पोचले १२. जॉन त्यात होता. निघालेले सगळे पुरुष. बाईनं ती पूर्ण केली ती पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, लिन लेमेअरनं. पहिल्या वर्षी जॉन पाण्यात उतरला तेव्हा ज्युडीच्या मनात काय चाललं असेल, हे विचारायला मला फार आवडेल.

आमचा तह असा झाला: पाण्यात ती माझ्या पुढे राहील, पहिल्या दोनशे मीटरपर्यंत. तिथे मी ठीक असलो तर ती निघून जाईल. त्यानंतर कोणी कोणासाठी थांबायचं नाही. माझी सायकल वेळेत संपायला हिशेबानं ३७ मिनिटं हाताशी आहेत, म्हणजे एखादं पंक्चर परवडेल. ती पोचल्यावर मेडल घालून रेषेपलीकडे उभी राहील, वाटलं तर खुर्ची मागून घेईल.

आईचा या सगळ्याला तात्त्विक विरोध आहे. साताऱ्याहून फोनवर म्हणाली, "अरे, दोघं एकदम कशाला उतरताय समुद्रात? यंदा तू जा, पुढच्या वर्षी ती." हसलो, पण प्रॉडक्शनचे दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये ठेवू नका हे मी रोज क्लायंटला सांगतो, आणि आई वेगळं काय म्हणत होती? नातवंडाचा विषय तिनं काढला नाही. त्याऐवजी परवा कळवलं की बाबांनी मडगावची तिकिटं काढलीत, ती दोघं किनाऱ्यावर उभी राहणार. लाडू आणणार. आणि एक सूचना, दोघांनी वेगवेगळ्या रंगाच्या टोप्या घाला, म्हणजे लांबून ओळखू येतील.

टोप्या आयोजक देतात, रंग आपल्या हातात नसतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही. सात आठवडे आहेत.