पाच प्रश्नांची चाळणी

खाण्याच्या विकारांची पहिली चाचपणी करणारी ‘स्कॉफ’ ही प्रश्नावली अवघ्या पाच प्रश्नांची. मॉर्गन, रीड आणि लेसी यांनी ती १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. दोन ‘हो’ आले की संशय घ्यायचा आणि सविस्तर मुलाखतीला बोलवायचं. फ्रान्समध्ये रूआँच्या संशोधकांनी तिचं फ्रेंच रूप तपासलं. एक स्टोन वजन घटल्याचा प्रश्न तिथे सहा किलोंचा झाला.

फ्रेंच वाक्यं जुळवणं हा अशा पडताळणीच्या कामाचा छोटा भाग. खरा कस लागतो तो कागदावरचं उत्तर आणि मुलाखतीतलं निदान शेजारी ठेवताना. मुलाखत घेणाऱ्याला कागदावर काय आलंय, याचा पत्ता लागू द्यायचा नाही. हे पथ्य मी फार कडक पाळते.

‘किती खातो यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का?’ या प्रश्नापाशी मी नेहमी थांबते. अ‍ॅनोरेक्सियाने हाडं वर आलेली मुलगी इथे ठामपणे ‘नाही’वर खूण करते. ती खोटं बोलत नसते. ताबा हेच तर तिला आजाराने दिलेलं बळ वाटत असतं. म्हणून एकट्या उत्तरावर काहीच ठरवायचं नाही.

मूळ अभ्यासात ११६ रुग्ण स्त्रिया आणि विकार नसलेल्या ९६ जणी होत्या. एकही रुग्ण निसटली नाही. निरोगी स्त्रियांपैकी साडेबारा टक्क्यांवर मात्र उगाच संशय आला. आता समजा, हजार विद्यार्थिनींत पन्नास आजारी आहेत. तेवढ्याच नेमकेपणाने चाळलं तरी त्या पन्नासजणींसोबत सुमारे एकशेवीस निरोगी मुली अडकतील. मला हे चालतं. त्यांची जास्तीची एक मुलाखत होईल, पण अ‍ॅनोरेक्सिया निसटला तर जीव जाऊ शकतो. मात्र ‘हो’ आलं म्हणून कुणाच्या कपाळी आजाराचा शिक्का मारणं मला मुळीच मान्य नाही.

शिवाय उघड आजारी आणि ठणठणीत यांच्यात फरक दाखवणं सोपं असतं. मधल्यांचं काय? टाइप वन मधुमेह असलेला तरुण घासाघासाचा हिशेब ठेवतो, कारण इन्सुलिनचा डोस त्यावर ठरतो. ‘अन्नाने तुमच्या आयुष्याचा कब्जा घेतलाय का?’ असं विचारलं तर तो ‘हो’ म्हणेल, आणि ते खरंच असेल. विद्यापीठात खरी उतरलेली फ्रेंच प्रश्नावली मधुमेहाच्या दवाखान्यात नेण्याआधी तिथल्या रुग्णांच्या मुलाखती नव्याने घ्याव्या लागतात.