मानेवरची शीर

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही दवाखान्यात जाता तेव्हा डॉक्टर नाडी पाहतात, जीभ पाहतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात. पण डॉक्टर रुग्णाच्या मानेकडे बराच वेळ निरखून पाहत आहेत, असे तुम्ही कधी पाहिले आहे का? मी पाहिले आहे. तीच हकिकत आज तुम्हाला सांगते.

तेव्हा मी अमरावतीला बी.एड. करत होते. घर अकोल्याला, मोर्णेकाठच्या जुन्या शहरात. अब्बांचे शिलाईचे लहानसे दुकान होते. दिवाळीच्या सुटीत मी बडनेऱ्याहून रेल्वेने घरी आले. अब्बा थकलेले दिसले. जिना चढताना त्यांना धाप लागे. रात्री ते तीन उशा घेऊन जवळजवळ बसूनच झोपत. संध्याकाळी पाय सुजत, चप्पल घट्ट होई. मशीनवर बसले असताना त्यांच्या मानेवर फुगलेली शीर दिसे. मी विचारले की म्हणत, "वय झाले बेटी." मलाही ते खरे वाटले.

एका रात्री त्यांना आडवे होताच येईना. सकाळी आम्ही त्यांना सर्वोपचार रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी खाटेची डोक्याकडची बाजू 45 अंशांपर्यंत उचलली. मग म्हणाल्या, "चाचा, मान सैल सोडा, थोडी डावीकडे वळवा." त्यांनी मानेच्या उजव्या बाजूवर तिरपा बॅटरीचा उजेड पाडला. छातीच्या हाडावर गळ्याच्या खळगीखाली एक उंचवटा असतो. त्यावर एक पट्टी उभी धरली, दुसरी आडवी धरली आणि उंची मोजली.

मी गोंधळून पाहत होते. बाईंनी समजावले, "गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाण्याची नळी वापरतो ना? तशीच ही शीर. ती हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याशी जोडलेली आहे. हृदय रक्त नीट पुढे ढकलत नसेल, तर रक्त मागे तुंबते आणि शिरेतली पातळी चढते. ही पातळी उंचवट्यापासून तीन-चार सेंटीमीटरच्या वर जाऊ नये. चाचांची आठ आहे."

मानेतली धमनी बोटाला ठोके देते. शिरेची हालचाल मात्र डोळ्यांना दिसते, बोटाला लागत नाही. हलके दाबले की ती थांबते. उर्दूत या शिरेला आपण 'शहरग' म्हणतो, म्हणजे शिरांचा राजा!

मित्रांनो, ही विद्या एका दिवसात तयार झाली नाही. तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस या हकीमांनी लिहिले, की रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून डाव्या बाजूला जाते. 1628 मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे जेम्स मॅकेंझी यांनी मानेच्या शिरेच्या लहरी कागदावर उमटवून अभ्यासल्या. 1930 मध्ये थॉमस लुईस यांनी छातीच्या उंचवट्यापासून मोजण्याची रीत सांगितली. आज सोनोग्राफीसारख्या यंत्राने हृदय पडद्यावर दिसते. पण ते यंत्र मेळघाटातल्या प्रत्येक पाड्यावर कुठून असणार? तिथे डॉक्टरांचे डोळे, एक बॅटरी आणि एक पट्टी कामी येते.

अब्बांच्या पुढच्या तपासण्या झाल्या. औषधे सुरू झाली, मीठ कमी झाले. काही दिवसांत सूज ओसरली आणि अब्बा एका उशीवर झोपू लागले. तेव्हा ते हळूच म्हणाले, "दम तर उन्हाळ्यापासूनच लागत होता. पण सांगितले असते, तर तू शिक्षण सोडून घरी आली असतीस." मला रडू आवरेना. ती शीर मी रोज पाहत होते, पण तिचा अर्थ मला कळला नव्हता.

मुलांनो, ओरडताना किंवा आडवे पडल्यावर कुणाचीही शीर फुगते. म्हणून उगाच घाबरू नका आणि स्वतः डॉक्टरही बनू नका. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना धाप लागत असेल, पाय सुजत असतील, बसल्यावरही मानेची शीर फुगलेली दिसत असेल, तर "वय झाले" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. त्यांचा हात धरा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा. आपली माणसे स्वतःचे दुखणे लपवतात. ते आपणच ओळखायला हवे.